उघड्या दारांचं नॉरिच

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नॉरिचच्या जुन्या गल्ल्यांतून चालताना एखाद्या दारावर गुलाबी पताका दिसली, की समजायचं, हे दार आज उघडं आहे. एरवी यांतली कितीतरी दारं कुलूपबंद असतात, काही ठिकाणी तिकीट काढावं लागतं, काही ठिकाणी लोकांची राहती घरं किंवा चालू कचेऱ्या असल्यामुळे आत जाण्याचा प्रश्नच येत नाही. या दिवसांत मात्र दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेले एखादे आजोबा उभे असतात, "या, आत या" म्हणतात आणि पुढची वीस मिनिटं ती वास्तू जणू त्यांच्या घरातली असल्यासारखी दाखवतात. पैसे कुठेच द्यायचे नाहीत. इंग्लंडभर चालणाऱ्या या उपक्रमाचं नाव ‘हेरिटेज ओपन डेज’.

माझी भाची नॉरिचमध्ये राहते. "मावशी, यायचंच असेल तर सप्टेंबरात ये, शहर आतून बघायला मिळेल," असं तिनं आग्रहानं सांगितलं होतं, म्हणून मी तो मुहूर्त धरला. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून गाडी पकडली की दोनेक तासांत नॉरिच येतं. वाटेत सपाट शेतं, मोठं आभाळ आणि मग वेन्सम नदीच्या वळणात वसलेलं हे शहर. मध्ययुगात लंडनच्या खालोखाल ज्या शहरांची नावं घेतली जात, त्यांत नॉरिच अग्रभागी होतं. लोकरीच्या कापडानं ते श्रीमंत झालं. नंतर कारखान्यांचं युग उत्तरेकडे सरकलं आणि नॉरिच काहीसं बाजूला पडलं. त्यामुळे जुन्या रस्त्यांची आखणी, चकमकीच्या दगडांच्या भिंती आणि तीसहून अधिक मध्ययुगीन चर्चं एवढ्याशा परिघात टिकून राहिली.

दारं उघडण्याची ही कल्पना मूळची फ्रान्सची. १९८४ साली तिथले सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांनी ऐतिहासिक वास्तू एका दिवसासाठी लोकांना खुल्या करायला लावल्या. पुढे युरोपभरच्या देशांनी ती उचलली आणि १९९१ पासून युरोपीय वारसा दिन म्हणून ती रुजली. इंग्लंडमध्ये १९९४ साली सुरुवात झाली. आज नॅशनल ट्रस्ट ही संस्था देशपातळीवर तिचा मेळ घालते, पण प्रत्येक गावातलं काम गावातली माणसंच करतात. सगळं मोफत असलं पाहिजे, आणि एरवी जे बघायला मिळत नाही किंवा ज्याला पैसे पडतात ते खुलं झालं पाहिजे, हा या उपक्रमाचा गाभा. नॉरिचमध्ये याला फार उत्साहाचा प्रतिसाद मिळतो. काही जागी आधी नाव नोंदवावं लागतं, काही जागी नुसतं रांगेत उभं राहायचं.

मी पहिल्यांदा गेले ती ग्रेट हॉस्पिटलमध्ये. कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला, बिशपगेट नावाच्या शांत रस्त्यावर ही वास्तू आहे. १२४९ साली बिशप वॉल्टर सफिल्ड यांनी ती स्थापली. म्हातारे झालेले, काम होत नसलेले धर्मगुरू आणि आजारी गोरगरीब यांच्यासाठी इथे खाटा होत्या. कॅथेड्रलच्या शाळेत शिकणाऱ्या सात गरीब मुलांना इथे रोजचं जेवण मिळे आणि दारावर आलेल्या तेरा गरिबांना अन्न वाढलं जाई. आपल्याकडची अन्नछत्रं आणि माधुकरी आठवल्यावाचून राहिलं नाही. आठव्या हेन्रीच्या काळात इंग्लंडमधले मठ एकामागून एक बंद पडले, त्यांच्या इमारतींचे दगड लोकांनी उचलून नेले. ही संस्था मात्र १५४७ साली राजाकडून शहराच्या ताब्यात आली आणि वाचली. वृद्धांना आसरा देण्याचं काम तिथे आजही चालू आहे. आम्ही आवारात शिरलो तेव्हा तिथल्या एका बंगलीच्या ओसरीवर एक बाई गुलाबाच्या वाळलेल्या फांद्या छाटत होत्या. त्या तिथल्या रहिवासी. पावणेआठशे वर्षांपूर्वी लिहिलेला हेतू अजून त्याच जागी पाळला जातोय, हे मला कुठल्याही शिल्पापेक्षा मोठं वाटलं.

या आवारातच सेंट हेलन्स चर्च आहे. शहरानं ताबा घेतल्यावर चर्चच्या दोन्ही टोकांचे भाग भिंती घालून वेगळे केले, मध्ये मजला टाकला आणि तिथे वृद्धांसाठी खोल्या काढल्या. स्त्रियांचा विभाग पूर्वेकडच्या भागात, वरच्या मजल्यावर. त्याला ईगल वॉर्ड म्हणतात. लाकडी जिन्यानं वर गेलं की दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांच्या छोट्या छोट्या खोल्या लागतात. एक खाट, एक खुर्ची, एक लहानसं कपाट मावेल एवढीच प्रत्येक खोली. विसाव्या शतकाच्या सत्तरीच्या दशकापर्यंत इथे बायका राहत होत्या. आणि मान वर केली की छत. पूर्वी हे छत जमिनीपासून खूप उंच होतं. मध्ये मजला आल्यामुळे आता ते अगदी जवळ आलं आहे. लाकडाचे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात पंख पसरलेला काळा गरुड. असे २५२ गरुड. १३८३ साली राजा दुसरा रिचर्ड आणि त्याची राणी ॲन नॉरिचला आले होते. ॲन बोहेमियाची, पवित्र रोमन सम्राटाची मुलगी. गरुड हे त्या सम्राटपदाचं चिन्ह. तिच्या सन्मानार्थ हे छत रंगवलं, असं इथे परंपरेनं सांगतात.

मी बराच वेळ तिथे उभी राहिले. एक गरुड दुसऱ्यासारखा हुबेहूब नाही. कुणाची मान जरा जास्त वळलेली, कुणाची नखं जाड, कुणाचा पंख चौकटीला टेकलेला. रंगाऱ्याचा हात त्यात दिसतो. ज्या राणीसाठी हे रंगवलं तिनं ते पाहिलं असेल तर फार तर तासभर. पण पुढच्या शतकांत कितीतरी निराधार म्हाताऱ्या बायका खाटेवर पडल्या पडल्या रोज सकाळी डोळे उघडून हेच गरुड पाहत आल्या. आम्हांला वॉर्ड दाखवणाऱ्या आजींनी एका खोलीच्या फळीवर हात ठेवून सांगितलं, "इथे राहिलेल्या बायकांना भेटलेली माणसं अजून गावात आहेत." इतिहास आणि शेजार यांच्यात अंतर उरलं नव्हतं.

त्याच आवारात नदीच्या बाजूला एक चौकोनी हौद आहे. १७९३ साली बांधलेला. मेजवान्यांसाठी हंसांची पिल्लं इथे ठेवून धान्यावर पोसत असत. आज हौद रिकामा असतो. एका शाळकरी मुलीनं, "त्यांना कळत असेल का?" असं विचारलं, आणि स्वयंसेवकांनी तिचं समाधान होईपर्यंत तिच्याशी बोलणं चालू ठेवलं. अशा प्रश्नांना संग्रहालयाच्या काचेआड वेळ मिळत नाही.

दुसरा ठेवा कानांनी ऐकायचा. शहराच्या बाजारपेठेला लागून सेंट पीटर मॅन्क्रॉफ्ट हे भव्य चर्च आहे, १४३० ते १४५५ या काळात बांधलेलं. त्याच्या मनोऱ्यात चढायला मिळणं ही या दिवसांची खास गोष्ट. अरुंद गोल जिना, एका हाताला दोर, पायऱ्या मध्यभागी झिजलेल्या. वर घंटावादकांची खोली. छतातून खाली लोंबणारे दोर, आणि प्रत्येक दोरावर हाताला पकड मिळावी म्हणून गुंफलेली लोकरीची रंगीत जाड गुंडाळी. वादक गोलाकार उभे राहतात. इंग्लंडमधली घंटा आपल्या देवळातल्यासारखी लोळी हलवून वाजत नाही. ती पूर्ण चाकावर बसवलेली असते. वादक दोर ओढतो तेव्हा तोंड वर करून थांबलेली अख्खी घंटा गर्रकन पूर्ण फिरते आणि पुन्हा तोंड वर करून थांबते. सगळ्यांत मोठ्या घंटेचं वजन दोन टनांच्या आसपास. एवढं ओझं एक सडपातळ बाई डोळे समोरच्या वादकावर ठेवून, नुसत्या मनगटाच्या अंदाजानं आवरत होत्या.

इतकी जड घंटा मनात आलं तेव्हा वाजवता येत नाही, म्हणून तिथे गाण्याची चाल वाजत नाही. वाजतात ते क्रम. एक, दोन, तीन, चार असा क्रम सुरू होतो, मग प्रत्येक फेरीत शेजारच्या घंटा जागा बदलतात आणि नवा क्रम तयार होतो. एकदा वाजलेला क्रम पुन्हा येता कामा नये. सात घंटांचे एकूण क्रम होतात ५०४०. २ मे १७१५ रोजी याच मनोऱ्यात त्यांतला प्रत्येक क्रम एकदाच, न चुकता, न थांबता वाजवला गेला. तीन तासांहून जास्त वेळ लागला. संपूर्ण आणि अचूक असं हे पहिलं नोंदलेलं वादन मानतात. समोर लिहिलेलं काही नाही, सगळं डोक्यात. आपल्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचं प्रकरण आहे, दिलेल्या अंकांची मांडणी किती प्रकारांनी होते याचं गणित त्यात येतं. तेच गणित इथे दोर ओढणाऱ्या हातांत उतरलेलं पाहून मला विलक्षण आनंद झाला. त्या खोलीत मी वादकांना अंकपाशाबद्दल सांगितलं. एका तरुण वादकानं ते नाव इंग्रजी अक्षरांत वहीत लिहून घेतलं. मग त्यानं मला दोर धरायला दिला आणि स्वतःचे हात माझ्या हातांवर ठेवून एक फेरा काढला. वर कुठेतरी अंधारात काहीतरी प्रचंड वळलं, आणि क्षणभरानं त्याचा नाद भिंतींतून पायांत उतरला.

किंग स्ट्रीट पूर्वी नदीच्या बंदराचा रस्ता होता. तिथे ड्रॅगन हॉल आहे. रॉबर्ट टॉप्स हा पंधराव्या शतकातला व्यापारी, चार वेळा नॉरिचचा महापौर झालेला. १४२७ च्या सुमारास त्यानं नदीवरून येणारा माल मांडण्यासाठी, व्यापार करण्यासाठी हे दालन बांधलं. सत्तावीस मीटर लांब, वर ओकच्या लाकडाचं उघडं छत. टॉप्स गेल्यानंतर दालनाचे तुकडे पडत गेले. भाड्याच्या खोल्या झाल्या, दारूचं दुकान झालं, खाटिकाचं दुकान झालं. प्रत्येकानं आपापल्या गरजेप्रमाणे भिंती घातल्या, खालून नवं छत मारलं. शे-दोनशे वर्षं लोक त्या भव्य तुळयांच्या खाली जेवले, झोपले आणि वर काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. १९७९ साली महापालिकेनं इमारत घेतली, वरची आच्छादनं काढली तेव्हा तुळईच्या कोपऱ्यात कोरलेला, रंगाचे अंश टिकवून बसलेला एक ड्रॅगन सापडला. दालनाला नाव मिळालं ते त्याच्यावरून. आता तिथे लेखनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. नॉरिच हे युनेस्कोचं साहित्यनगर, इंग्लंडमधलं पहिलं. लेखक तिथे येऊन राहतात, मुलांच्या कार्यशाळा होतात. जिथे कापडाचे गठ्ठे रचले जात तिथे कुणी कथेचा खर्डा वाचत असतं. मला ही योजना अत्यंत योग्य वाटली. इमारत जिवंत ठेवायची तर तिला काम द्यावं लागतं.

चर्चच्या बाबतीत नॉरिचनं हेच केलं. उपासक कमी झाले, एवढी चर्चं चालवणं अशक्य झालं, तेव्हा १९७३ साली एक विश्वस्त संस्था स्थापन करून दीड डझनाच्या आसपास रिकामी चर्चं तिच्याकडे सोपवली. एका चर्चमध्ये कळसूत्री बाहुल्यांचं नाट्यगृह आहे, दुसऱ्यात कलाकेंद्र, जिथे संध्याकाळी गाण्याचे कार्यक्रम होतात. भिंत जुनी, वापर आजचा. ओपन डेजच्या काळात या सगळ्यांची दारं उघडी असल्यामुळे एका दुपारी चालत चालत शहराचे आठशे वर्षांतले बदल एकाच माळेत पाहता येतात.

शहराच्या पोटातही एक शहर आहे. १५०७ सालच्या आगींनी नॉरिचची लाकडी घरं मोठ्या संख्येनं खाक केली. पण त्यांच्या खालची विटांच्या कमानींची तळघरं शाबूत राहिली, आणि लोकांनी त्यांच्यावरच पुन्हा घरं उभारली. अशी पन्नासहून अधिक तळघरं आजही आहेत. एका दुकानाच्या मागच्या दारानं खाली उतरलो. डोकं वाकवून आत गेलं की थंड हवा, ओल्या विटेचा वास, आणि एकमेकींना छेदणाऱ्या कमानींच्या बारीक फासळ्या. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४२ मध्ये जर्मन विमानांनी नॉरिचवर बॉम्ब टाकले, तेव्हा अशा तळघरांत माणसं जीव मुठीत धरून बसली होती. व्यापाऱ्यांनी माल जपायला बांधलेल्या जागेनं पुढे माणसं जपली.

याच शहराचा आपल्या देशाशीही एक धागा आहे, आणि तो अक्षरशः धागा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस काश्मिरी शालींची युरोपात मोठी मागणी होती. त्या फार महाग पडत. नॉरिचच्या विणकरांनी त्यांच्यासारख्या शाली आपल्या मागांवर विणायला सुरुवात केली आणि त्या ‘नॉरिच शाल’ म्हणून नावारूपाला आल्या. शहराच्या संग्रहालयात मी त्या पाहिल्या. गडद लाल पोतावर कोयरी, तीच जी आपल्या पैठणीच्या पदरावर आणि आजीच्या शालीवर असते. या विणकरांची घडण आधीच्या परक्यांनी केली होती. १५६५ साली नॉरिचनं सध्याच्या बेल्जियम-हॉलंडच्या भागातून तीस कुटुंबांना मुद्दाम बोलावलं, मंदावलेला कापडधंदा सावरण्यासाठी. त्यांच्या पाठोपाठ धर्मछळामुळे हजारो आले. काही वर्षांतच शहरातला दर तिसरा माणूस बाहेरून आलेला होता. त्यांनी कसब आणलं, आणि पाळायला कॅनरी पक्षीही आणले. म्हणून आज नॉरिचच्या फुटबॉल संघाला कॅनरी म्हणतात.

नव्या काळातलं एक दारही सांगायला हवं. सरे स्ट्रीटवर एका विमा कंपनीचं जुनं मुख्यालय आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्थापत्यविशारद जॉर्ज स्किपर यांनी उभारलेलं. आतलं संगमरवरी दालन पाहायला दारात रांग होती. हा संगमरवर मुळात लंडनच्या एका कॅथेड्रलसाठी आणवला होता, असं सांगतात. विमा उतरवणाऱ्या माणसाला ही कंपनी भक्कम आहे असं पाऊल टाकताक्षणी वाटलं पाहिजे, हा त्यामागचा हेतू, आणि तो आजही साधतो.

या सगळ्यांत मला महत्त्वाची वाटली ती दारं उघडणारी माणसं. निवृत्त शिक्षिका, परिचारिका, सुतार, विद्यार्थी. दर वर्षी त्याच वास्तूत उभे राहणारे कित्येक जण. त्यांना मानधन मिळत नाही. त्यांना त्या भिंतीबद्दल इतकं प्रेम असतं की त्यांच्याशी बोलताना आपल्यालाही ती आपली वाटू लागते. आणि दाखवायचं कुणाला? बहुतेक गावातल्याच लोकांना. एका रांगेत माझ्यापुढे उभं असलेलं एक कुटुंब तिथल्या दारावरून रोज शाळेला जायचं. "इथून रोज जातो, आत आज पहिल्यांदाच," असं आई म्हणाली. मला या उपक्रमाचं मर्म तिथे कळलं. जे आतून पाहिलेलं नाही ते वाचवावं असं कुणाला वाटणार?

पुण्यात सदाशिव पेठेत मी लहानाची मोठी झाले. आमच्या गल्लीत एक वाडा होता. दिंडी दरवाज्याच्या फटीतून चौक, तुळशीवृंदावन आणि सागवानी खांबांचा सोपा अर्धवट दिसायचा. एके दिवशी तो पाडायला घेतला. तुळया ट्रकमध्ये चढल्या, कोरीव महिरपी विकत घेणारे आले. गल्लीत कुणालाच फारसं काही वाटलं नाही, कारण कुणी आत गेलेलंच नव्हतं. मालकांचाही दोष म्हणता येणार नाही. एकट्यानं ओझं किती वर्षं वाहायचं? त्यांच्या वाड्याची कदर करणारे चार शेजारी असते, तर कदाचित दुसरा मार्ग सुचला असता.

आपल्याकडे जागतिक वारसा दिनी, १८ एप्रिलला, पुरातत्त्व खात्याच्या अनेक स्मारकांत प्रवेश मोफत असतो. ते चांगलंच आहे. पण ती दारं वर्षभर उघडीच असतात. खरी गरज बंद दारं उघडण्याची आहे. मुंबईत तशी सुरुवात झाली आहे: महापालिकेच्या मुख्यालयाची सुटीच्या दिवशी सफर २०२१ पासून सुरू झाली, राजभवनात २०१६ साली सापडलेलं इंग्रजांच्या काळातलं भुयार आता संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येतं. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, त्यातले मोडी कागद अभ्यासकांच्या पलीकडे फारसे कुणी पाहिलेले नाहीत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे. वाईला घाटालगतचे वाडे, कोल्हापूरला खासबाग मैदान आणि तालमी, नाशिकला गोदेकाठचे मठ आणि धर्मशाळा. प्रत्येक गावात अशी यादी निघेल. एका वाड्याचा मालक वर्षातून एक रविवार चौक उघडतो, शेजारच्या शाळेतली मुलं आधी आठवडाभर त्याचा इतिहास विचारून घेतात आणि त्या दिवशी येणाऱ्यांना तीच मुलं वाडा दाखवतात, एवढं करायला निधी लागत नाही, शासनाची परवानगीही लागत नाही.

पुण्याला परतल्यावर मी आमच्या पेठेतल्या दोन जुन्या वाड्यांच्या मालकांशी बोलले. एकानं नकार दिला, तेही समजण्यासारखं आहे. दुसरे म्हणाले, "लोक येतील का पण?" मी त्यांना नॉरिचच्या रांगेतल्या त्या कुटुंबाबद्दल सांगितलं. त्यांनी गणेशोत्सवानंतरचा एक रविवार ठरवला आहे. आमच्या पेठेतल्या प्रत्येकानं त्या दिवशी आत यावं, माजघरापर्यंत जावं, तुळईवरची कोरीव कामं पाहावीत आणि घरी जाऊन मुलांना सांगावीत. वारसा टिकवण्याचं काम तिथूनच सुरू होतं, आणि ते आपल्याच हातात आहे.